सुमनताईंचं वजन

सुमनताईंच्या दारात मी पहिल्यांदा उभा राहिलो तो कपाळाला गंध लावून. साउथहॅम्प्टनात गंध कुठून आणणार? मी ज्या हॉटेलात तंदूरवर होतो तिथली हळद घेतली, पाण्यात कालवली आणि लावली. कोणीतरी सांगितलं होतं, गावातल्या शर्ली भागात एक मराठी बाई राहतात, नर्स होत्या, आता रिटायर झाल्यात, नवरा गेलाय, मुलगा लंडनकडं, वरची खोली द्यायचीय. मी म्हटलं, मराठी, विधवा, साठी उलटलेली, म्हणजे बाई देवदेव करणारी असणार. म्हणून गंध. आणि आदल्या दिवशीचा वास जावा म्हणून तोंडात चार लवंगा.

दार उघडलं. बाई अंगानं भरलेल्या, पँट, वर कार्डिगन, हातात काठी. त्यांनी आधी माझं कपाळ बघितलं, मग पोट बघितलं. पोट बघायला जरा जास्त वेळ लागला. मी त्यांनी काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "ताई, मी निर्व्यसनी माणूस आहे. दारूला शिवत नाही. मटणमच्छी पण नाही."

"अरेरे," त्या म्हणाल्या. "मग तुझं इथं जमायचं नाही. मला संध्याकाळी सहाला समोर ग्लास घेऊन बसणारं माणूस लागतं. आधीचा भाडेकरू असाच होता, ताक पिणारा. कंटाळले मी त्याला."

मी लवंगा गालात सरकवल्या. "तशी घेतो मी कधीकधी."

"किती?"

"थोडी."

"थोडी म्हणजे? माप काय?"

हे मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. खोटं सुचेना, म्हणून खरं बोललो. "पडेपर्यंत."

त्या इतक्या हसल्या की काठी हातातून सुटली. मग म्हणाल्या, "आत ये. आणि कपाळ पूस आधी, पिवळं नाकावर ओघळतंय." अशी मला खोली मिळाली. दोन हजार तीनचारची गोष्ट. नंतर मी हॉटेल सोडून बंदराकडच्या एका कॅन्टीनात सकाळच्या पाळीला लागलो, ते सुद्धा खरं सांगायचं तर सहाच्या आत घरी पोचता यावं म्हणून.

सहा म्हणजे सहा. पाच मिनिटं आधी सुमनताई तोंड धुवायच्या, पावडर लावायच्या, कानात मोत्याच्या कुड्या घालायच्या. येणारं कोणी नसायचं. समोर मी, पोटावर कॅन्टीनच्या रश्शाचे डाग. मागच्या खिडकीचा पडदा पूर्ण उघडा. टेबलावर जिनची बाटली, बिनसाखरेचं टॉनिक, बर्फ, लिंबाच्या दोन चकत्या, आणि एक छोटा प्लास्टिकचा पेला, ज्यावर रेघा मारलेल्या असतात तो, वॉर्डात औषध द्यायचा. त्यात पंचवीसच्या रेघेपर्यंत जिन ओतायच्या आणि पेला डोळ्यांसमोर धरून बघायच्या. "वरून बघितलं की माप खोटं दिसतं सदा, डोळ्याच्या रेषेत धरायचं. पस्तीस वर्षं औषधं दिलीत मी." असे दोन. एक सहाला, एक साडेसहाला. सातला बाटली कपाटात, आणि मग देव जरी आला असता तरी त्याला चहाच मिळाला असता.

लंडनच्या मराठी बायका कधी भेटायला यायच्या. त्यातली एखादी ग्लासाकडं बघून म्हणायची, "लिंबू सरबत का, ताई?" बिचारी वाट काढून देत असायची. सुमनताई म्हणायच्या, "नाही गं, जिन आहे. तुला देऊ?" बाई खुर्चीतल्या खुर्चीत चार इंच मागं. ती गेल्यावर सुमनताई मला म्हणायच्या, "हिच्या घरी हिचा नवरा बाटली वॉशिंग मशीनमागं ठेवतो. लपून घेतलेली चढते रे. टेबलावर ठेवून घेतलेली सोबत करते."

मला त्यांनी एक मोठा ग्लास बिअर लावून दिली होती, एकच, सातपर्यंत पुरवायची. पहिल्या महिन्यात माझा ग्लास सहा वाजून पाच मिनिटांनी संपायचा आणि पुढची पंचावन्न मिनिटं मी छताकडं बघत बसायचो. "घोट घे," त्या म्हणायच्या. "गटकतोस काय, बस चुकतेय का तुझी?" मग हळूहळू कळलं की मधल्या वेळात बोलायचं असतं. मला बोलायची सवय नव्हती. चौथीनंतर शाळेनं मला ठेवून घेतलं नाही, लग्नाच्या बाजारात फोटो जायचे तसे परत यायचे, आणि तंदूरपुढं बोललं तर तोंडात राख जाते. सुमनताई विचारायच्या, "आज काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाही." "असं कसं काही नाही? आठ तास तू काय देवळातल्या नंदीसारखा बसला होतास?" मग मी सांगायचो, आज डाळ लागली, आज साहेबानं माझ्या टोपीत बटाटा ठेवला. त्या ऐकायच्या. असं कोणी ऐकलं नव्हतं माझं.

त्यांच्या गोष्टी जन्माच्या, बाळंतपणाच्या वॉर्डातल्या. अर्धं गाव त्यांच्या हातावर आलेलं. हाय स्ट्रीटला बरोबर चाललो की सहा फुटाचा, मानेवर साप गोंदवलेला गडी दिसायचा आणि त्या माझ्या कानात सांगायच्या, "हा पायाळू. आईला दीड दिवस रडवलं यानं." मी त्या माणसाकडं परत नीट बघूच शकायचो नाही.

गुडघा आधीपासून दुखत होता, पण त्या वर्षी फारच वाढलं. जिना त्या बसून चढायला लागल्या. पायरीवर पाठमोऱ्या बसायच्या, हात टेकून वरच्या पायरीवर सरकायच्या, मग परत. तेरा पायऱ्या. मी मागं उभा राहायचो, तर म्हणायच्या, "खाली जा. तू माझ्यावर पडलास तर दोघांचे मिळून चार गुडघे जातील." पण त्यांच्या वरच्या ओठावर घाम असायचा. स्वयंपाकघरात आल्यावर त्या जरा वेळ सिंकला धरून उभ्या राहायच्या, आणि मी कुकरची शिट्टी बघतोय असं दाखवायचो.

डॉक्टरनं सांगितलं, गुडघा बदलू, पण आधी वजन. तेव्हा त्या पंधरा स्टोन होत्या, म्हणजे पंच्याण्णव किलो. तेरा करून या, मग तारीख देतो. दोन स्टोन म्हणजे अठ्ठावीस पाउंड. त्यांचा मुलगा अजित लंडनच्या एजवेअरहून आला. इथंच जन्मलेला, चांगला मुलगा, आईवर जीव, पण मराठी बोलताना पुरुषाला बाई आणि बाईला पुरुष करायचा. मी मासळी तळत होतो आणि दार उघडं होतं.

"आई, तुझा वजन कमी झाली की ऑपरेशन. मग तू आमच्याकडे यायची. मी खालचा खोली केलाय तुझ्यासाठी. हा घर विकू."

"बरं," सुमनताई म्हणाल्या.

"इकडे स्टेअर्स आहे. सदाकाका किती दिवस बघणार तुला?"

"बरं म्हटलं ना. गुडघा होऊ दे, येते."

बोंबलासारखा दिसणारा इथला एक लहान मासा असतो, तो मी त्या दिवशी कोळसा केला. अजितनं तरी खाल्ला, म्हणाला, क्रिस्पी आहे.

संध्याकाळी सुमनताईंनी डॉक्टरच्या लोकांनी दिलेलं पत्रक काढलं. काय खायचं, काय नाही. दारू कमी करा असंही लिहिलेलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "मला वजन उतरवायला सांगितलंय, सहाला बसणं नाही. जेवण सोडेन, हे नाही."

आता इथं माझी अक्कल पुढं आली. मी म्हटलं, "ताई, पत्रकं कशाला? आपल्याकडं उपास आहे की. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. मी पण करतो तुमच्याबरोबर." मी तेव्हा सोळा स्टोन होतो. सुमनताई म्हणाल्या, "मी देव मानत नाही, पण साबुदाणा मानते. चल."

सोमवार आला आणि सहाला प्रश्न पडला. बिअर जवाची, म्हणजे धान्य, चालणार नाही. मी म्हटलं, "सायडर सफरचंदाचं असतं. तो फलाहार."

"आणि जिन?"

"जिन धान्याची, ताई. मोडेल उपास."

"मग मी काय कोरडी बसू?"

मी विचार केला. बटाटा उपासाला चालतो. व्होडका बटाट्याची असते असं मी कुठंतरी ऐकलं होतं. दारूच्या दुकानात गेलो आणि काउंटरवरच्या माणसाला माझ्या इंग्लिशमध्ये विचारलं, बटाट्याची आहे का, धान्य अजिबात नको, धर्माचं आहे. त्यानं आतून दुसऱ्या माणसाला बोलावलं. दोघांनी मिळून अर्धा तास बाटल्यांची मागची लेबलं वाचली. सापडली एक, पोलंडची. मी आणली, आणि सुमनताईंनी पंचवीसची रेघ डोळ्यांसमोर धरून बघितली आणि म्हणाल्या, "सदा, तू शिकला असतास तर फार नुकसान केलं असतंस लोकांचं."

बाहेर हा फलाहार, आणि आत? आत मी माझा हात दाखवत होतो. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ. भगर आणि दाण्याची आमटी. रताळ्याचा कीस तुपात. राजगिऱ्याचे लाडू, तोंड गोड असावं म्हणून. उपास म्हटलं की आमच्या आईनं केलं ते सगळं मला आठवायचं आणि मी सगळंच करायचो. सायडर फळ आहे म्हटल्यावर त्याला माप कशाला, म्हणून मी तीन तीन ग्लास. रविवारी सकाळी बाथरूममधल्या काट्यावर आम्ही दोघं उभे राहायचो. आपापला आकडा आम्हाला दिसायचा नाही, मधे पोट. म्हणून त्यांचा मी वाचायचो, माझा त्या.

महिन्यानं मी त्यांचा वाचला. पंधरा स्टोन पाच पाउंड. परत वाचला. तोच.

त्यांनी माझा वाचला. "सदा, तू नऊ पाउंड वर. आपण दोघं देवाच्या कृपेनं वाढतोय रे."

इथपर्यंत नुसता मूर्खपणा होता. मूर्खपणाची मला लाज नाही, ती एक गोष्ट मला मन लावून करता येते. पण त्याच दिवशी अजितचा फोन आला. सुमनताईंनी त्याला पाच पाउंड वाढल्याचं सांगितलं. तो म्हणाला, असू दे आई, मग घराचं एजंटला मी थांबवतो, उन्हाळ्यात बघू. त्यांनी फोन ठेवला आणि मला हे सांगितलं. मला इतकं बरं वाटलं की मी बागेत जाऊन उगाच कचऱ्याचा डबा धुतला.

तेव्हापासून मी मुद्दाम करायला लागलो. उपास बंद झाले, पत्रक भिंतीवर लागलं, उकडलेल्या भाज्या, सूप, पातळ डाळ. सगळं पत्रकाप्रमाणं दिसायला. त्यांच्या वाटीतल्या डाळीत मी तळाला तूप घालायचो, वरून कोथिंबीर. सूपात क्रीम. बिनसाखरेच्या टॉनिकच्या बाटलीत साखरेचं भरून ठेवायचो. त्यांना उभं राहवत नव्हतं म्हणून ओतायचं काम आता माझ्याकडं होतं. पेल्यानं पंचवीस मोजून दाखवायचो, आणि बर्फ काढायला पाठ केली की बाटलीतून वरून अजून एक धार. त्या जिन्यावर तशाच बसून वर जायच्या, मी खाली भांडी घासायचो आणि तेरा मोजायचो. एकेक पायरी ऐकू यायची. मी ऐकायचो आणि दुसऱ्या दिवशी परत तूप घालायचो. चार महिने. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. असलं काम करताना माणसाच्या घशाखाली घास जात नाही. माझी बिअर अर्धी राहायला लागली, भात राहायला लागला. रविवारी काट्यावर माझा आकडा खाली यायचा, त्यांचा वर.

एका रविवारी त्यांनी माझा वाचला. "पंधराच्या आत आलास की." मग मी त्यांचा वाचला. पंधरा आणि नऊ. त्या काट्यावरून उतरल्या, टॉवेलच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या.

"सदा, एक सांग मला. एका पातेल्यातलं आपण जेवतो. तू उतरतोस, मी चढते. असं कसं?"

"वय असतं, ताई."

"वय काय मला या महिन्यात लागलं?"

"काटा बिघडला असेल."

"एकाच काट्यावर उभे आहोत." एवढं बोलून त्या गेल्या. सहाला पावडर लावली, कुड्या घातल्या, येऊन बसल्या. मी ग्लास पुढं ठेवला. त्यांनी एक घोट घेतला आणि ग्लास माझ्या बाजूला सरकवला.

"टॉनिक कुठलं आणतोस?"

"नेहमीचंच."

"बाटली नेहमीची आहे. आतलं विचारतेय."

मी ग्लासाकडं बघितलं. बंदरातून मोठं जहाज निघालं की त्याचा भोंगा तिथवर यायचा, तो तेवढ्यात आला, आणि तो संपेपर्यंत मला वेळ मिळाला. मग मी म्हटलं, "साखरेचं भरतो मी. डाळीत तूप घालतो. सूपात क्रीम. आणि जिन पण वरून."

"का?"

"तुम्ही एजवेअरला जाणार."

मला वाटलं, आता खोली सोड म्हणतील. ते म्हणायच्या आत मीच बोललो, कसं बोललो मला माहीत नाही. "मी सहाला कुठं बसू, ताई?" आणि सेहेचाळीस वर्षांचा, पावणेपंधरा स्टोनाचा माणूस त्या टेबलावर रडायला लागलो. नाक गळत होतं, आणि पुसायला हाताला आलं ते भांडी पुसायचं फडकं, त्याला मिरची लागलेली. मग तर थांबेचना.

"रडायचं असेल तर सातपर्यंत," सुमनताई म्हणाल्या. "सातला मला भूक लागते."

जरा वेळानं त्या म्हणाल्या, "मला कळून दोन आठवडे झाले."

मी डोळे चोळतच वर बघितलं. "मग बोलला का नाहीत?"

"पीत राहिले ना मी." त्यांनी ग्लास हातात घेतला, फिरवला, परत ठेवला. "एवढी औषधं दिली लोकांना, मला साखर कळणार नाही? मी काय एजवेअरला जायला उड्या मारतेय? तिथं सगळे चांगले आहेत. सकाळी सातला जातात, रात्री आठला येतात. म्हटलं, हा भरतोय तर भरू दे. अजितला नाही म्हणणं माझ्या हातून तर होत नाहीये." मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, पहिल्यांदाच. "पण सदा, मला दुखतं रे. फार दुखतं."

हे त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. तेरा पायऱ्या बसून चढतानाही नाही.

त्या उठल्या, सिंकपाशी गेल्या, टॉनिकची बाटली पूर्ण ओतून दिली. तूप मी स्वतः फेकलं. त्या म्हणाल्या, "उद्यापासून ओतायचं तू, आणि पेला डोळ्यासमोर धरून बघायचं मी."

पुढचे सहासात महिने आम्ही जे केलं त्याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. दुधी, कोबी, भाजलेला मासा. दोनातली एक जिन त्यांनी बंद केली. साडेसहाला दुसरा ग्लास भरायचा तो नुसत्या टॉनिकचा, पण बर्फ, लिंबू, सगळं तसंच. "हाताला कळत नाही आत काय आहे," त्या म्हणायच्या, "त्याला गार लागलं की तो खूश." मी अर्ध्या ग्लासावर आलो. संध्याकाळी सहाच्या आधी आम्ही कॉमनवर जायचो, त्या मोठ्या बागेत, एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत. पहिल्या दिवशी त्या अंतराला वीस मिनिटं लागली. बाकावर बसलं की त्या पळणाऱ्या लोकांकडं बघून सांगायच्या, "ही सातव्या महिन्यातली. ही जुळ्यातली, दुसरी कुठं गेली कोणास ठाऊक." माझं पण उतरत होतं. कॅन्टीनात दुपारच्या गर्दीत हातात दोन ट्रे असताना माझी पँट घसरली आणि गोदीतल्या चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. हे सुमनताईंना सांगितलं तर त्यांना दुसरा घोट घेता येईना.

कधी कधी रविवारी आकडा वाचताना माझ्या जिभेवर यायचं, पाउंड दोन पाउंड वाढवून सांगावं. त्यांना कुठं दिसत होतं? त्या माझ्याकडं न बघता म्हणायच्या, "खरा सांग हं." मी खरा सांगायचो. चौदा. तेरा आठ. तेरा तीन. दर रविवारी आम्ही दोघं खूश व्हायचो आणि दर रविवारी दुपारी घर जरा शांत असायचं.

तेरा झालं तेव्हा ऑगस्ट होता. त्या दिवशी त्यांनी दुसरी खरी घेतली.

ऑपरेशन चांगलं झालं. डिसेंबरात त्या उभ्यानं जिना चढल्या, एका हातानं कठडा धरून, आणि वर जाऊन मला हाक मारली, "सदा, इथं कोळिष्टकं किती आहेत, तू काय करत होतास इतकी वर्षं?" जानेवारीत अजित गाडी घेऊन आला. शेवटच्या संध्याकाळी खुर्च्या गेल्या होत्या, आम्ही खोक्यांवर बसलो. काय बोललो ते काही आठवत नाही. आठवतं एवढंच, की माझा ग्लास सातला पण भरलेला होता आणि त्या म्हणाल्या, "आता शिकलास घोट घ्यायला."

मी गावातच पोर्ट्सवुडला एक खोली घेतली. सहा तिथंही वाजायचे. मी टेबल आणलं, एक बिअर आणली, पडदा उघडला. समोर भिंत होती. सव्वासहाला मी पडदा ओढून झोपलो.

महिन्यातून एक रविवार मी लंडनची कोच, म्हणजे लांबची बस, पकडायचो आणि तिथून ट्रेननं एजवेअरला जायचो. अजितनं आईसाठी सगळं आणून ठेवलं होतं, तीच जिन, तेच टॉनिक, लिंबं परडीत. तरी बाटली भरलेलीच दिसायची. मी विचारलं तर सुमनताई म्हणाल्या, "कोणी अडवत नाही रे. पण समोर कोणी नसताना घेतली की ते औषध होतं. मी चहा घेते." मी यायचो त्या दिवशी आम्ही तीनलाच बसायचो, कारण माझी परतीची कोच संध्याकाळची. त्या कुड्या घालायच्या. वजन अजून उतरलं होतं, कार्डिगन खांद्यावरून लोंबायचं. मी म्हणायचो, "ताई, आता बास, जरा खा." त्या म्हणायच्या, "तूप घालायला तू कुठं आहेस?"

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्यात एका सकाळी कॅन्टीनात अजितचा फोन आला. "सदाकाका, आई गेला. झोपेत." त्याच्या मराठीला मी एरवी मनात हसायचो. त्या दिवशी मी काही दुरुस्त केलं नाही. गॅस बंद केला आणि भांड्यांच्या खोलीत जाऊन बसलो.

माझ्या डोळ्यासमोर त्यांचं मेलेलं तोंड येत नाही. येतो तो त्याच्या आधीचा एक रविवार. मी निघालो, तर त्या म्हणाल्या, "थांब, स्टेशनपर्यंत येते." काठी घेतली नाही. रस्त्यानं त्या पुढं आणि मी मागं, मला धाप. वजन मी सगळं परत मिळवलं होतं, वर थोडं व्याज. "उचल पाय," त्या मागं न बघता म्हणायच्या. स्टेशनच्या दारात त्यांनी माझी कॉलर नीट केली. "जा, ट्रेन जाईल." आणि वळल्या.

मी आत गेलो नाही. दारातच उभा राहिलो. फळवाल्याच्या दुकानावरून, बस स्टॉपवरच्या गर्दीतून त्या चालल्या होत्या, भिंतीला हात न लावता, कोणाला न धरता, सरळ, झपाझप, तरण्या बाईसारख्या. ही चाल मी चार महिने तूप आणि साखर घालून त्यांच्यापासून अडवून धरली होती. आता ती चाल त्यांना दोन मिनिटांत माझ्या नजरेच्या पलीकडं घेऊन गेली. हाक मारावी असं फार वाटलं. मारली असती तर त्या थांबल्या असत्या, परत पण आल्या असत्या. म्हणून मारली नाही. त्या वळणावर गेल्या, माझी ट्रेन खाली निघून गेली, आणि पुढची येईपर्यंत मी त्या रिकाम्या वळणाकडं बघत तसाच उभा होतो.